अक्काचं पीएफमधलं लग्न

अक्का, मी तुझं लग्न लावलं. तुझी साठी उलटल्यावर, तुला न विचारता, नवरदेव न बघता, कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून, मोबाईलवर एका बोटानं.

तुला हे ठाऊक आहे. ऐकून तू हसून घेतलंस, चिडूनही घेतलंस. तरी पुन्हा सांगतो, कारण तू गेल्यापासून भेटायला येणारा जो तो विचारतो, "अक्का कशी होती हो?" आणि तुझ्याबद्दल चांगलं काही सांगायचं म्हटलं, की मला आधी माझा एखादा मूर्खपणा सांगावा लागतो. माझ्या प्रत्येक मूर्खपणाच्या दुसऱ्या टोकाला तूच उभी असायचीस, ओठांत टाचण्या धरून. टाचण्या होत्या म्हणून शिव्या कमी बसल्या.

पोटातल्या गाठीचं तुझं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं. त्यानंतर संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, आत बोलावलं. तुला बाहेर बाकावर बसवलं. बाई म्हणाल्या, गाठ काढली तरी आजार आत पसरलेला आहे. एक इंजेक्शन आहे, ते योजनेत बसत नाही, महाग आहे, काही महिने द्यावं लागेल. त्यानं बरं होणार नाही, पण थोडा काळ वाढेल. 'थोडा काळ वाढेल' एवढंच मी उचललं. 'बरं होणार नाही' हे सुनंदाच्या वाट्याला सोडलं. नवरा-बायकोनं दुःख वाटून घ्यावं म्हणतात, मी तेही काटा मारून वाटलं.

बाहेर आलो तर तू शेजारच्या बाईला तिच्या ब्लाउजची बाही कुठं चुकली ते समजावत होतीस.

"काय म्हणली डॉक्टरीण?"

"थोड्या सुया घ्यायच्या. बास."

"खर्चाचं?"

"कंपनी देती."

कंपनी देती. आमची कंपनी कामगाराला चहा देते तोही अर्ध्या कपाला कमी. तू माझ्याकडे बघितलंस, मग सुनंदाकडे बघितलंस. सुनंदा एकदम पर्सची चेन लावण्यात गुंतली. तेव्हाच तुला संशय आला असणार. पण तू दमलेली होतीस, आणि आपल्याला बस धरायची होती.

पैसे होते ते फक्त माझ्या पीएफमध्ये. दर महिन्याला पगारातून कापले जाणारे, म्हातारपणासाठीचे. आणि त्या पैशांवर माझ्यापेक्षा तुझं लक्ष जास्त होतं. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्या पगाराची पावती घेऊन वडीगोद्रीला तुझ्या दुकानात आल्तो आणि बोंबललो होतो, की बघ, न विचारता पैसे कापले. तू शिवणयंत्र न थांबवता म्हणालीस, "कापू दे. तुह्या हातात आले तर तू उडवशील." तेव्हापासून तू त्या पैशांची राखणदार झालीस. तुझं स्वतःचं तसलं काही नव्हतं. फॉल-पिको आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा पीएफ कोण कापणार? म्हणून असेल, माझा तू स्वतःचा असल्यासारखा सांभाळलास.

इमूची गोष्ट आठवते ना. सगळीकडे इमू पाळायची लाट आल्ती. कारखान्यातल्या एकानं मला पटवलं, की अंडं महाग, तेल महाग, पंखही महाग, नोकरी सोड, पीएफ काढ, भागीदारी कर. मी राजूरच्या गणपतीला जाऊन नवस बोलून आलो आणि येता येता शहाणपणा म्हणून तुला सांगायला थांबलो. तू सगळं ऐकलंस. ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्यास. मग म्हणालीस, "गज्या, जो पक्षी उडत बी न्हाई आन् गात बी न्हाई, तो तुह्यासारखाच निघाला की. एक पोसून राह्यले ते पुरे हाये मला." इमूचं पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तो माणूस अजून भेटतो तेव्हा दुसरीकडे बघतो, आणि मी लगेच नमस्कार करतो, कारण तुझ्यामुळे माझी मान ताठ आहे.

तर असा हा पैसा. माझ्या मूर्खपणापासून तू इतकी वर्षं वाचवलेला. तो मी तुझ्यासाठी फोडायला निघालो होतो, आणि तुला सांगितलं तर तू सुया घेणार नाहीस हे मला बराबर ठाऊक होतं. सुनंदा म्हणाली, "काढा. पण त्यांना सांगून काढा." मी म्हणालो, आधी काढतो, मग सांगतो. आमच्या घरात 'मग सांगतो' म्हणजे काय हे सुनंदाला माहीत आहे. तिची स्वतःची म्हातारपणाची सोयही त्याच पैशात होती, हे ती एकदाही बोलली नाही. ते तेव्हा मला सुचलं नाही, आता सुचतंय.

अर्ज मोबाईलवर भरायचा होता. पोरींना फोन करून विचारलं असतं तर दोघींपैकी एकीनं तरी सासरी बसल्या बसल्या भरून दिला असता. पण मी ट्रकचं वजन बघणारा माणूस, मला एवढं येत नाही का? काट्यावर बसलो, चष्मा कपाळावर ठेवला, आणि यादी उघडली. पैसे कशासाठी हवेत, कुणासाठी हवेत. आजारपण म्हटलं की स्वतः, बायको, मुलं, आईवडील. बहीण नाही. मी खाली-वर केलं. बहीण नाही. अक्का, खरं सांगतो, मला जरा रागच आला. मग आणखी खाली गेलो तर एका ठिकाणी 'बहीण' दिसली. आनंद झाला, जत्रेत हरवलेलं माणूस सापडावं तसा. बहीण दिसली तिथं बोट दाबलं. वरती बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघायला चष्मा कपाळावरून खाली आणावा लागला असता.

वरती 'विवाह' लिहिलं होतं.

मला ते कळलं पैसे खात्यावर आल्यानंतर, तेही हमीदभाईकडून. आमच्या टाइम ऑफिसातले हमीदभाई, सगळ्यांच्या हजेरीबरोबर सगळ्यांची सुखदुःखंही त्यांच्याकडे. सकाळी गेटवर गळ्यात पडले. "मुबारक हो गजाननभाई. बहन की शादी, और हमको खबर नै?"

मी म्हणालो, "कुणाच्या बहिणीची?"

"तुमारी. कागद तो यहीच बोलते."

मी आत जाऊन पाहिलं. दुसऱ्या कुणाचा अर्ज म्हणून आडून विचारलं, तर हमीदभाई म्हणाले, की अब तो दुरुस्त करना है तो पैसे वापस भरो, आणि आजारपणासाठी बहिणीला बसतच नाही. म्हणजे परत भरले की गेले. दवाखान्याची तारीख जवळ आल्ती. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी तोंड फार कमी वेळा मिटलंय, आणि दर वेळी चुकीच्या जागी.

दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात झालं, की गजाननरावांच्या बहिणीचं लग्न आहे. वय कुणी विचारलं नाही. लोकांना वाटलं, असेल एखादी धाकटी, उशिरा झालेली. कुणी म्हणालं, स्थळ कुठलं? मी म्हणालो, संभाजीनगरचं. कुणी म्हणालं, पोरगा काय करतो? मी म्हणालो, दवाखान्यात असतो. हे अगदी खोटं नव्हतं. आणि महिना संपायच्या आत हमीदभाईंनी सगळ्यांकडून वर्गणी करून आहेराची साडी माझ्या हातात ठेवली. डाळिंबी रंगाची, बारीक काठाची, चांगली निवडलेली. हमीदभाईंच्या घरवालीनं निवडली होती.

आता त्या साडीचं काय करायचं? सुनंदाला दिली असती तर तिनं नेसली नसती. परत केली असती तर सगळं सांगावं लागलं असतं. मी काय केलं, तर ती तुझ्याकडेच घेऊन आलो. तोपर्यंत तुझ्या दोन सुया झाल्या होत्या. तू बारीक झाली होतीस, पण दुकान उघडंच ठेवायचीस. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, कंपनीनं दिली, दिवाळीची. तेव्हा उन्हाळा चालू होता.

तू साडी उलगडलीस, पदर बोटांनी चाचपलास, काठ उलटा करून पाहिलास. "फॉल न्हाई लावलेला," म्हणालीस. रिळांतून रंगाला जुळणारं एक काढलंस आणि फॉल लावायला बसलीस. यंत्राच्या आवाजात एकेक प्रश्न.

"कंपनी सगळ्यांना साड्या देऊन राह्यली का?"

"हो."

"बाप्या मान्सांना बी?"

"बायकांसाठी."

"तुह्या बायकोला कामून न्हाई दिली मंग?"

मी म्हणालो, तिच्याकडे आहेत. यंत्र थांबलं. शेजारच्या कापडदुकानातून कमलाभाभी आल्या. त्या नेहमी अशा वेळीच येतात. दोन दुकानांमधली भिंत पातळ आहे आणि त्यांचे कान चांगले आहेत. साडी पाहून म्हणाल्या, "ये तो आहेर की साडी है गजानन. घडीत हळदी-कुंकवाची पुडी हाये बघ."

खरंच होती. मी बघितलीच नव्हती.

मग मी सांगितलं. पीएफ, बहीण, बोट, विवाह, सगळं. कमलाभाभी पदर तोंडात धरून दाराबाहेर गेल्या आणि बाहेर जाऊन हसल्या. तूही हसलीस. पोटाच्या टाक्यांवर हात दाबून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "नवरा कोन लिवला रे?" मी म्हणालो, नवऱ्याचा रकाना नव्हता. "तेच बरंय," म्हणालीस. मला वाटलं, सुटलो.

पण तू डोळे पुसलेस, आणि मग जे बोललीस ते मी त्यानंतर रोज ऐकतो. आवाज वाढवला नाहीस. म्हणालीस, "पयल्या लग्नाला मला कुनी इचारलं न्हवतं. दुसऱ्याला बी न्हाई."

तुझं पहिलं लग्न. मी तेव्हा शाळेत होतो. वाजंत्री आठवते, आणि मला नवे बूट मिळाले ते आठवतं. दोन वर्षांच्या आत तू एक ट्रंक घेऊन परत आलीस, आणि का आलीस ते कधी सांगितलं नाहीस. आई विचारायची, बाबा विचारायचे, पुढं मी मोठा झाल्यावर मीही आडून आडून विचारलं. तुझं एकच उत्तर, "पटलं न्हाई." दुसरं स्थळ आणणाऱ्यांना तू चहा द्यायचीस आणि कप रिकामा झाला की परत पाठवायचीस. मला वाटायचं, तू हट्टी आहेस. त्या दिवशी दुकानात पहिल्यांदा वाटलं, की आम्ही सगळे तुला 'का आलीस' हेच विचारत राहिलो. 'जाशील का' हे कुणी आधी विचारलंच नव्हतं.

मी म्हणालो, "अक्का, लग्न तर चुकून झालं."

"लग्नाचं न्हाई म्हनत मी. पैशाचं म्हनते. सुयांचं म्हनते. मी मरनार का जगनार ते तू, सुनंदा आन् डॉक्टरीणबाईनं आत बसून ठरवलं. मी बाहेर बाकावर. मी काय लहान हाये का?"

मी भांडायलाच लागलो. माझी ती जुनी सवय. म्हणालो, पैसा माझा आहे, मी कशावरही घालीन. म्हणालो, माझं आयटीआय तुझ्या फॉल-पिकोवर झालं, ते काय तू मला विचारून केलंस? तू म्हणालीस, "तुला इचारलं असतं तर तू इमू पाळले असते." तू उरलेला फॉल पूर्ण केलास. दोरा दातांनी तोडलास.

पुढच्या तारखेला तू ती डाळिंबी साडी नेसून दवाखान्यात आलीस. मी खूश झालो, म्हटलं राग गेला. सुनंदानं मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला काहीतरी कळलंय. डॉक्टरीणबाईंच्या दाराशी तू मला म्हणालीस, "तू बाकावर बस." आणि एकटी आत गेलीस.

मी त्या बाकावर बसलो. तिथून आतलं काहीही ऐकू येत नाही, अक्का. दाराच्या काचेतून फक्त सावल्या दिसतात. तू किती वेळा त्या बाकावर बसली असशील, आणि मी दर वेळी आतून हसऱ्या तोंडानं बाहेर आलो असेन.

बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मोकळा होता. म्हणालीस, "समदं सांगितलं बाईनं. बरी व्हनार न्हाई. सुया घेतल्या तर थोडं वाढंल, पन मळमळ, अशक्तपणा, हे असंच. न घेतल्या तर कमी, पन हात चालतीन. दुखायला लागलं तर त्याच्या गोळ्या येगळ्या देनार हायेत. मंग त्यांनी मला इचारलं, तुमाला काय पाहिजे?" तू डाळिंबी पदर सावरलास. "मी म्हनलं, मला मशीन चालवायचीये."

परतीच्या बसमध्ये अंबडपर्यंत मी तुझ्याशी भांडत होतो. म्हणालो, पैसे काढलेत ते काय माघारी जाणार आहेत का? म्हणालो, ते आता लग्नाचेच आहेत, दुसरीकडे घालता येत नाहीत. काहीही बोललो. सुनंदा मधे बसली होती, ती म्हणाली, "अहो, त्यांनी न्हाई म्हटलंय." मी तिच्यावरही घसरलो. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. शेवटी म्हणालीस, "गज्या, इतक्या वर्षांत मला पयल्यांदा कुनीतरी इचारलं. तेवढं ऱ्हाऊ दे."

तेवढं मी राहू दिलं नाही, हे माझ्या मनात आहे. दर रविवारी वडीगोद्रीला यायचो आणि काहीतरी निमित्त काढून तोच विषय आणायचो. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आयुर्वेदिक बघू. एकच सुई घेऊन बघ. तू ब्लाउजचं माप लिहीत राहायचीस. एकदा फक्त मान वर करून म्हणालीस, "तू भांडायला येतोस का भेटायला?" मी म्हणालो, दोन्ही. "मंग भांडन पयलं उरकून घे," म्हणालीस. "चहा नंतर टाकते." आणि खरंच, मी भांडून दमलो की तू चहा टाकायचीस. सगळे रविवार असेच गेले. तेवढे चांगले रविवार माझ्या वाट्याला आधी कधी आले नव्हते, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी भांडत होतो.

आणि तुझे हात चालले. गावातल्या दोन लग्नांचे ब्लाउज तू शिवून दिलेस. अगदी शेवटी तुला बसवेना, तेव्हा यंत्र खाटेजवळ ओढून घेतलंस आणि नुसता हात ठेवून पडून राहायचीस. कमलाभाभी सांगतात, की तू त्यांना बसवून एका ब्लाउजची बाही त्यांच्याकडून उसवून पुन्हा शिवून घेतलीस. त्यांनी आयुष्यभर कापड विकलं, शिवलं कधीच नव्हतं. ती बाही वाकडी आहे. त्यांनी ती ठेवून घेतली आहे.

हमीदभाईंना मी मागेच सगळं खरं सांगितलं होतं आणि साडीचं काय करू विचारलं होतं. ते म्हणाले, "बहन को दिया सो वापस लेते क्या? पागल है क्या तू?" त्याच साडीत तू गेलीस. कमलाभाभींनीच नेसवली. फॉल तुझ्याच हातचा, म्हणून चापून बसली.

सुयांचे पैसे बरेचसे उरले आहेत. तसेच पडून आहेत. सुनंदा म्हणते, घाई करू नका. पहिल्यांदाच मी घाई करत नाहीये. पण खरं सांगायचं तर ते उरलेत याचा मला राग येतो, अक्का. ते संपायला हवे होते. ते संपले असते, मी रिटायर होऊन रिकाम्या खिशानं तुझ्या दुकानात येऊन बसलो असतो, आणि तू म्हणाली असतीस, आता तुला कोन पोसंल? ते ऐकायला मी आवडीनं आलो असतो. आणि त्याच वेळी माझ्या पोटात कुठंतरी हेही आहे, की तुझ्या हट्टामुळे सुनंदाच्या म्हातारपणी घरात काहीतरी राहील. तुझे उपकार मानावे तर तुझं जाणं मान्य करावं लागतं. म्हणून मी अजून मानलेले नाहीत.

तुला सांगायचं राहिलं ते एवढंच. 'तुझं बरोबर होतं' असं नाही; ते मला अजूनही पटलेलं नाही. सांगायचं होतं ते हे, की त्या दिवशी बाकावर बसल्यावर मला कळलं. नेमकं काय कळलं ते तू समोर असतीस तर नीट सांगता आलं असतं. आता लिहिताना जमत नाहीये.

काल शहागडला गोदावरीकाठी तुझा दहावा झाला. पिंड ठेवले, आणि कावळा काही येईना. झाडावर दोन होते, बघत होते, उतरत नव्हते. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी पुढं झालो. म्हणालो, अक्का, पैसे मी हात न लावता ठेवीन. कावळा येईना. म्हणालो, सुनंदाच्या नावावर करीन. येईना. म्हणालो, इथून पुढं विचारल्याशिवाय काही करणार नाही, दुकान कमलाभाभींना विचारून ठेवू, मशीन कुणाला द्यायची ते तूच सांग, आणि ती बसमधली भांडणं मनावर घेऊ नकोस, मी तसं म्हणायला नको होतं, पण तूही जरा ऐकायला पाहिजे होतंस. माझा आवाज चढत गेला. मग रडायला आलं, तरी बोलतच राहिलो.

मागून कमलाभाभी आल्या, माझा दंड धरून मला पिंडापासून चांगलं लांब ओढलं आणि म्हणाल्या, "गजानन, उन्हात मान्सं उभे हायेत. तू जरा गप ऱ्हा अन् बाजूला सरक. तुलाच भिऊन कावळा येऊन नाही राह्यला."